परकीय आक्रमक वनस्पतींची जनुकीय विविधता व अनुकूलन : मराठी तणविषयक लेखनाची चिकित्सा
(विशेष संदर्भ : कामठा व गोंदिया जिल्ह्याचा धान-तलाव परिसर)

गोषवारा

परकीय आक्रमक वनस्पतींविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. परंतु या लेखनात 'जाती' हेच अंतिम एकक मानले जाते. एकाच जातीतील जनुकीय विविधता, तिचे स्रोत आणि नव्या भूमीत होणारे अनुकूलन यांची दखल अभावानेच घेतली जाते. प्रस्तुत लेखात या उणिवेची चिकित्सा केली असून गाजरगवत, जलपर्णी, घाणेरी, बेशरम आणि धानाच्या बांधीतील तणे यांच्या आधारे तिचे व्यावहारिक परिणाम तपासले आहेत. तसेच ग्रामीण महाविद्यालयांच्या आवाक्यातील अभ्यासपद्धतींचा निर्देश केला आहे.

बीजशब्द : परकीय आक्रमक वनस्पती, जनुकीय विविधता, अनुकूलन, जैविक नियंत्रण, माजी मालगुजारी तलाव.

प्रस्तावना

गोंदिया जिल्ह्यातील कामठा हे जमीनदारीच्या काळापासून परिचित असलेले गाव आहे. धानाच्या बांध्या, बोड्या, तलाव आणि त्यांना जोडणारे रस्ते ही या भागाची ओळख. अशा परिसरात गाजरगवत, बेशरम, घाणेरी, रानतुळस आणि जलपर्णी ही नावे कोणालाही नवीन नाहीत. या वनस्पतींचे मूळ उष्ण प्रदेशीय अमेरिकेत असले, तरी त्या आता येथील दैनंदिन जीवनाचा भाग झाल्या आहेत. गाजरगवताने त्वचेचे व श्वसनाचे विकार होतात, बेशरमने तलावांचे काठ व्यापले आहेत, तर घाणेरीने जंगलातील चराई आक्रसली आहे.

या वनस्पतींवरील मराठी लेखनाचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात. पहिला प्रकार वृत्तपत्रे व नियतकालिकांतील लोकप्रबोधनपर लेखांचा. दुसरा कृषी व वन विभागांच्या मार्गदर्शक पत्रकांचा. तिसरा महाविद्यालयीन संशोधनपत्रिकांतील शोधनिबंधांचा. तिन्ही प्रकारांचे हेतू वेगळे असले तरी त्यांच्या मुळाशी एकच गृहीतक आढळते. जातीचे नाव निश्चित झाले की वनस्पतीचे ज्ञान पूर्ण झाले, ती जशी आली तशीच आहे आणि सर्वत्र सारखीच आहे, असे हे गृहीतक होय. गेल्या सुमारे साठ वर्षांतील जगभरच्या संशोधनाने ते बाधित केले आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हे गृहीतक केवळ शास्त्रीयदृष्ट्या अपुरे नसून त्यामुळे नियंत्रणाच्या उपायांची निवडही चुकू शकते. त्याचा भार शेवटी शेतकरी, ढीवर समाज आणि निंदण करणाऱ्या स्त्रिया यांनाच सोसावा लागतो.

१. आक्रमणाचे रूपक आणि त्याची मर्यादा

या विषयातील पहिला महत्त्वाचा ग्रंथ म्हणून ब्रिटिश परिस्थितिकीतज्ज्ञ चार्ल्स एल्टन यांच्या १९५८ मधील प्राणी व वनस्पतींच्या आक्रमणांवरील पुस्तकाचा उल्लेख केला जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या अनुभवाची छाया त्या पुस्तकाच्या भाषेवर आहे. आक्रमण, स्फोट, संरक्षण अशा संज्ञा तेथून पुढे रूढ झाल्या. मराठीतही 'हिरवे संकट', 'परकीय शत्रू', 'उच्चाटन' ही शब्दावली त्याच वळणाची आहे. लोकजागृतीसाठी तिचा उपयोग झाला, हे नाकारता येणार नाही. मात्र या रूपकात शत्रूचा स्वभाव ठरलेला असतो. तो येतो, पसरतो किंवा पराभूत होतो, पण बदलत नाही.

एल्टन यांच्या पुस्तकानंतर सातच वर्षांनी, १९६५ मध्ये, हर्बर्ट बेकर आणि लेडयार्ड स्टेबिन्स यांनी संपादित केलेला वसाहतकारी जातींच्या आनुवंशिकीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे १९६४ मध्ये झालेल्या परिसंवादाचे ते फलित होते. या ग्रंथाने प्रश्नाची मांडणीच बदलली. नव्या भूमीत आलेल्या मोजक्या रोपांबरोबर किती जनुकीय विविधता येते, स्वपरागण करणाऱ्या आणि परपरागणावर अवलंबून असणाऱ्या वनस्पतींचे भवितव्य सारखेच असते काय, एकच जनुकप्ररूप अनेक परिस्थितींत तग धरू शकते काय, हे त्यातील प्रश्न होते. शेवटच्या प्रश्नाच्या संदर्भात बेकर यांनी 'सर्वकामी जनुकप्ररूपा'ची कल्पना मांडली.

मराठी लेखनाने एल्टन यांची भाषा स्वीकारली, परंतु बेकर-स्टेबिन्स यांचे प्रश्न स्वीकारले नाहीत, असे म्हणावे लागते. या उणिवेला देशी-विदेशीच्या भावनिक द्वंद्वाचीही जोड मिळाली. वस्तुतः मिरची, टोमॅटो, बटाटा, सीताफळ, पेरू या सर्वच वनस्पती अमेरिकेतून आलेल्या आहेत. त्यामुळे वनस्पतीचे परकीयत्व हा तिच्या उपद्रवाचा पुरेसा खुलासा होऊ शकत नाही. ती कोणत्या रूपात आली, किती वेळा आली आणि येथे आल्यावर तिचे काय झाले, हे पाहणे आवश्यक ठरते.

२. आगमनकथा : गाजरगवताचे उदाहरण

गाजरगवत 'पी. एल. ४८०' योजनेतील अमेरिकन गव्हाबरोबर भारतात आले, हे विधान मराठीत इतक्यांदा छापले गेले आहे की त्याला पुराव्याची गरज वाटेनाशी झाली आहे. 'काँग्रेस गवत' या नावामुळे त्याला राजकीय रंगही चढला. मात्र तारखांची छाननी केली असता काही अडचणी उभ्या राहतात. पुणे येथे ही वनस्पती १९५५ च्या सुमारास आढळली आणि आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तिची नोंद प्रसिद्ध केली. संबंधित अमेरिकन कायदा १९५४ चा असला तरी त्याखालील भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. अर्थात, पुण्यातील रोपे कराराच्या आधीची ठरतात. अमेरिकन गहू १९५१ च्या स्वतंत्र कायद्यान्वयेही भारतात येत होता. त्यामुळे धान्यमार्गे आगमनाची शक्यता पूर्णतः नाकारता येत नाही, पण प्रचलित विधान जसेच्या तसे टिकत नाही. शिवाय, १८८० मध्ये ब्रँडिस यांनी गोळा केलेला या वनस्पतीचा नमुना देहरादूनच्या वनस्पतिसंग्रहात असल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे.

हा केवळ इतिहासाच्या तपशिलाचा वाद नाही. आगमन एकदाच झाले असेल, तर मूठभर बियांतून आलेली विविधता अल्प असते. यालाच 'संस्थापक परिणाम' म्हणतात. आगमने अनेक असतील आणि ती वेगवेगळ्या प्रदेशांतून झाली असतील, तर मूळ भूमीत एकमेकांपासून दूर असलेले वंश नव्या भूमीत एकत्र येतात, त्यांचा संकर होतो आणि मूळ भूमीत कधीच नसलेली जनुकीय संयोजने तयार होतात. गाजरगवताच्या बाबतीत ही शक्यता काल्पनिक नाही. उत्तर अमेरिकी वंशात पार्थेनिन हे विषारी द्रव्य प्रमुख असते, तर दक्षिण अमेरिकी वंशात त्याऐवजी हायमेनिन आढळते. एकाच नावाखाली वावरणाऱ्या वनस्पतींत रासायनिक पातळीवरही भेद असू शकतो, हे यावरून स्पष्ट होते. म्हणून एकाच आगमनकथेवर समाधान मानणारे लेखन विविधतेचा प्रश्न उपस्थित होण्यापूर्वीच तो बंद करून टाकते.

३. विविधतेचे दोन परस्परविरोधी नमुने

नव्या भूमीत पोहोचताना संख्या आणि विविधता दोन्ही घटतात. अनुकूलनासाठी तर विविधता हवी असते. मग आक्रमक जाती यशस्वी कशा होतात? आनुवंशिकीच्या अभ्यासकांनी याला 'आक्रमणाचा जनुकीय विरोधाभास' असे म्हटले आहे. त्याचे एकच एक उत्तर नाही, हे जलपर्णी आणि घाणेरी यांच्या तुलनेतून दिसून येते.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील आहे. भारतात ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली. तिचा उपद्रव एवढा वाढला की १९३६ मध्ये तेथे स्वतंत्र कायदा करावा लागला. झांग, झांग आणि बॅरेट यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जगभरातील ५४ समष्टींमधील १,१४० रोपांची जनुकीय तपासणी केली. त्यांना एकूण ४९ कृंतक आढळले, परंतु मूळ भूमीबाहेरील सुमारे ८० टक्के समष्टी एकाच कृंतकाच्या बनलेल्या होत्या. कृंतक म्हणजे एकाच रोपापासून शाखीय पद्धतीने वाढलेली, जनुकीयदृष्ट्या एकरूप रोपे. सोप्या शब्दांत, डोळ्यांना लाखो रोपे दिसणारे अनेक जलाशय जनुकीयदृष्ट्या एकाच रोपाचा विस्तार आहेत. त्याच अभ्यासात बांगलादेश व इंडोनेशिया येथील नमुने वेगळ्या जनुकप्ररूपांचे निघाले. म्हणजे आगमने एकापेक्षा अधिक होती. येथे यशाचे कारण विविधता नाही. तुकड्यातुकड्यांतून वाढण्याची क्षमता आणि पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी ही त्याची कारणे आहेत.

घाणेरीचे चित्र याच्या उलट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचे झुडूप म्हणून ती आणली गेली. तत्पूर्वीच युरोपातील बागांमध्ये तिच्या विविध रूपांचे संकर झाले होते. त्यामुळे भारतात आली ती निसर्गातील एखादी शुद्ध जाती नसून माळ्यांच्या निवडीतून घडलेला संकरसमूह होता. तिच्यात गुणसूत्रांचे दोन ते सहा संच असलेली रूपे आढळतात आणि फुलांचे रंगही विविध आहेत. अविक रे आणि सुहेल क्वाडर यांच्या २०१४ मधील अभ्यासाने भारतातील घाणेरीत लक्षणीय जनुकीय विविधता, अनेकवार आगमन आणि समष्टींमधील जनुकवहन यांचे पुरावे दिले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार देशातील व्याघ्रक्षेत्रांतील जंगलांपैकी सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर क्षेत्र घाणेरीने बाधित आहे. ज्या जिल्ह्यात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आहे, तेथे हा आकडा दूरचा वाटू नये.

या तुलनेचा व्यावहारिक अर्थ जैविक नियंत्रणात प्रकट होतो. घाणेरीच्या नियंत्रणासाठी भारतात १९२१ पासून कीटक आणले गेले आणि १९४१ मध्ये त्यात टेलिओनेमिया या ढेकूणवर्गीय कीटकाची भर पडली. कीटक प्रस्थापित झाले, पण घाणेरी हटली नाही. जगात अन्यत्रही असाच अनुभव आला. हवामान, कीटकांचे स्थानिक शत्रू अशी अन्य कारणेही त्यामागे आहेत. तथापि एका रूपावर वाढणारा कीटक दुसऱ्या रूपाला तितक्याच प्रमाणात स्वीकारत नाही, हे त्यांपैकी एक मान्य कारण आहे. उलट एकरूप समष्टीवर योग्य कीटक सापडल्यास परिणाम व्यापक होण्याची शक्यता अधिक असते. जलपर्णीवरील निओकेटिना भुंगे भारतात १९८२ च्या सुमारास आणले गेले, त्यांना काही जलाशयांत चांगले यश मिळाले. 'जैविक नियंत्रण करावे' अशी सरसकट शिफारस करणारी पत्रके हा भेद नोंदवत नाहीत. अपयश आले की ते अंमलबजावणीचे मानले जाते. शिफारशीच्या मुळाशी असलेले एकरूपतेचे गृहीतक मात्र तपासले जात नाही.

४. धानाच्या बांधीतील पुरावा

अनुकूलन ही लाखो वर्षांची प्रक्रिया असून तण-नियंत्रणाच्या व्यवहारात तिचा विचार करण्याचे कारण नाही, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. या आक्षेपाचे उत्तर धानाच्या बांधीतच मिळते. येथे चर्चिलेली पहिली दोन तणे परकीय आक्रमक या वर्गात मोडत नाहीत, ही बाब प्रथम स्पष्ट केली पाहिजे. परंतु माणसाच्या कृतीला तणाने दिलेला आनुवंशिक प्रतिसाद म्हणून ती महत्त्वाची आहेत.

पूर्वीच्या मध्य प्रांतात, ज्यात तत्कालीन भंडारा जिल्हा आणि पर्यायाने आजचा गोंदिया जिल्हाही समाविष्ट होता, धानाच्या पिकात रानटी धानाची भेसळ ही मोठी समस्या होती. छत्तीसगडकडे त्याला 'करगा' म्हणतात. लोंबी येईपर्यंत करगा धानासारखाच दिसतो आणि पक्व होताच त्याचे दाणे गळून मातीत मिसळतात. बी. बी. दवे यांनी १९४३ मध्ये या समस्येवर आणि तिच्या निराकरणावर निबंध प्रसिद्ध केला. उपाय म्हणून जांभळ्या पानांचे धान पुढे आले. जांभळे ते पीक, हिरवे ते तण, अशी ओळख पटल्याने निंदण सोपे होणार होते. पहिल्या काही हंगामांत तसे झालेही. मात्र पीक व करगा यांच्यात अल्प प्रमाणात संकर होतच असतो. त्यातून जांभळा रंग करग्यात उतरला. निंदण करणारे हात हिरवी रोपे उपटत राहिले आणि जांभळा करगा मागे उरत गेला. काही हंगामांतच ओळखीची खूण निरुपयोगी ठरली. तणविज्ञानात हे उदाहरण वारंवार दिले जाते, परंतु ज्या भूमीचे ते आहे तेथील मराठी लेखनात ते क्वचितच आढळते.

दुसरे उदाहरण सावावर्गीय गवताचे. धानाच्या रोपासारखे उभट दिसणारे रूप हाताने केलेल्या निंदणीतून वाचते आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच रूप वाढते. चीनमधील यांगत्से खोऱ्यातील अशा गवताच्या जनुकसंचाचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. धानाची नक्कल करणारी रूपे सुमारे एक हजार वर्षांपूर्वी मानवी निवडीतून घडली, असा निष्कर्ष त्यातून निघाला. निंदण ही केवळ श्रमाची क्रिया नसून ती एक निवडप्रक्रिया आहे, हे त्यावरून सिद्ध होते.

तिसरे उदाहरण अधिक अलीकडचे असून ते बाहेरून आलेल्या तणाचे आहे. हरियाणातील गव्हात 'गुल्ली डंडा' या नावाने ओळखले जाणारे, भूमध्यसागरी प्रदेशातील फॅलारिस गवत आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला दाद देईनासे झाल्याचे मलिक व सिंग यांनी १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले. वर्षानुवर्षे एकाच तणनाशकावर विसंबल्याचा तो परिणाम होता. गाजरगवताच्या बाबतीतही कोलंबियात २००४ मध्ये ग्लायफोसेट-प्रतिकाराची नोंद झाली. धानपट्ट्यात मजुरीचे दर वाढत असताना आणि निंदणाची जागा फवारणी घेत असताना या उदाहरणांचे महत्त्व वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. एकच औषध, एकच मात्रा आणि तीच वेळ अशी शिफारस करणारे पत्रक नकळत तणाच्या उत्क्रांतीचे वेळापत्रकही लिहीत असते.

५. महाविद्यालयीन संशोधनाची दिशा

महाविद्यालयीन शोधनिबंधांचा सर्वाधिक प्रचलित नमुना म्हणजे तालुक्यातील परकीय वनस्पतींची यादी. शास्त्रीय नाव, कुल, स्थानिक नाव, मूळ प्रदेश आणि उपयोग असे रकाने त्यात असतात. याद्यांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. रेड्डी यांनी २००८ मध्ये भारतातील १७३ आक्रमक जातींची सूची दिली. खुरू व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १,५९९ परकीय जातींची नोंद करून त्यांपैकी २२५ आक्रमक ठरविल्या. या पायाभूत कामांमुळेच पुढील अभ्यास शक्य झाले. परंतु राष्ट्रीय सूची उपलब्ध झाल्यावर तिचाच एक तुकडा तालुक्याच्या नावाने पुन्हा छापण्यात ज्ञानाची भर किती पडते, हा प्रश्न विचारला पाहिजे. पदोन्नतीसाठी निबंधसंख्या मोजणाऱ्या व्यवस्थेत यादी हा सर्वांत सुरक्षित विषय ठरतो, हेही त्यामागचे एक कारण आहे.

दुसरा नमुना मोजमापांचा. रस्त्याकडेचे गाजरगवत उंच आणि माळरानावरचे खुजे आढळले, म्हणून ते 'अनुकूलित' झाले, असा निष्कर्ष काढला जातो. येथे मूलभूत गफलत होते. तेच बी सुपीक मातीत उंच आणि मुरमाड जमिनीत खुजे वाढू शकते. ही रूपलवचिकता होय, आनुवंशिक अनुकूलन नव्हे. दोहोंतील फरक ओळखण्याची रीत जुनी आहे. वेगवेगळ्या ठिकाणचे बी एकाच मातीत, एकाच वेळी, सारख्या पाण्यावर वाढवायचे. फरक टिकला तर तो आनुवंशिक, मावळला तर परिस्थितीजन्य. स्वीडनमध्ये ट्युरेसन यांनी १९२० च्या दशकात आणि नंतर कॅलिफोर्नियात क्लाउसेन, केक व हिसी यांनी ही रीत प्रस्थापित केली. भारतातही रामदेव मिश्र यांच्या बनारस परंपरेत स्थानिक वनस्पतींच्या परिस्थितिनिष्ठ रूपांचा अभ्यास झाला. अर्थात ही परंपरा आपल्याला अपरिचित नाही, तिचा विसर पडला आहे.

हा फरक न तपासता निष्कर्ष काढण्याचे धोके गाजरगवतावरील मेक्सिकन भुंग्याच्या प्रकरणात दिसून आले. १९८४ मध्ये बंगळूर परिसरात सोडलेला हा भुंगा १९९० च्या दशकाच्या आरंभी कर्नाटकात सूर्यफुलाची पाने खाताना आढळला. त्याने यजमान वनस्पती बदलली, अशी भीती पसरली आणि संपूर्ण कार्यक्रम वादात सापडला. सूर्यफुलाच्या पानांवर पडलेले गाजरगवताचे परागकण त्याला खाण्यास प्रवृत्त करीत होते, असे पुढील प्रयोगांनी दाखविले. दिसणारा प्रत्येक बदल हा आनुवंशिक बदल नसतो, हा त्यातील धडा होता.

अशा अभ्यासासाठी महागडी उपकरणे लागतातच असे नाही. घाणेरीच्या मुळांच्या टोकांतील गुणसूत्रे मोजण्याची पद्धत पदवीच्या प्रात्यक्षिकात शिकविली जाते. गुलाबी-पिवळ्या आणि लाल-केशरी फुलांच्या झुडपांत गुणसूत्रसंख्या सारखी आहे काय, एवढा प्रश्नही निबंधास पुरेसा आहे. जलपर्णीच्या फुलांत कुक्षिवृंत लांब, मध्यम किंवा आखूड असे तीन प्रकार असतात. मूळ भूमीबाहेर मध्यम प्रकाराचे प्राबल्य असते आणि आखूड प्रकार दक्षिण अमेरिकेबाहेर आढळत नाही. जिल्ह्यातील जलाशयांत कोणते प्रकार आहेत, हे साध्या भिंगाने पाहता येते. एकाच तलावात दोन प्रकार आढळल्यास तेथे एकापेक्षा अधिक कृंतक असल्याचा तो प्राथमिक पुरावा ठरेल. गाजरगवताच्या कुंडीप्रयोगात बी पक्व होण्यापूर्वी रोपे नष्ट करण्याची आणि विद्यार्थ्यांच्या त्वचेची व श्वसनाची काळजी घेण्याची अट पाळावीच लागेल. मातृवनस्पतीच्या पोषणाचा परिणाम वगळण्यासाठी दुसरी पिढी घ्यावयाची असेल, तर बंदिस्त जागा अनिवार्य आहे. महाविद्यालयाच्या वनस्पतिसंग्रहात तारीख, ठिकाण व अधिवास यांसह जपलेले नमुने पुढील अभ्यासकांना काळाबरोबर झालेले बदल तपासण्याचे साधन देतात. यादी एकदा छापून संपते, नमुना मात्र नव्या प्रश्नांना उत्तर देत राहतो.

६. बेशरम, तलाव आणि आनुवंशिकीची मर्यादा

येथे एका प्रतिवादाचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. भंडारा-गोंदिया भागातील माजी मालगुजारी तलावांच्या पुनरुज्जीवनाचे काम मनीष राजनकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ढीवर समाजाला बरोबर घेऊन केले. बेशरम मुळासकट काढणे, उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरणे आणि स्थानिक पाणवनस्पतींची लागवड करणे हा त्या कामाचा गाभा आहे. स्थानिक मासे, पक्षी आणि पाणवनस्पती यांविषयीचे ढीवरांचे पारंपरिक ज्ञान हा त्याचा आधार. या कामासाठी कोणालाही बेशरमचा जनुकसंच वाचावा लागला नाही. मग आनुवंशिकीचा आग्रह कशासाठी?

हा प्रतिवाद अंशतः मान्य करावा लागतो. हाताने मुळासकट काढण्याच्या उपायापुढे सर्व जनुकप्ररूपे सारखीच असतात. तेथे जनुकीय माहितीवाचून काम अडत नाही आणि त्या माहितीची वाट पाहत काम थांबविणे योग्यही नाही. बेशरमची तोडलेली फांदी ओलाव्यात पुन्हा मुळे धरते, हे ढीवराला ठाऊक असलेले सत्य कोणत्याही प्रयोगशाळेतील निष्कर्षाइतकेच मोलाचे आहे. आक्रमणाचे कारण अनेकदा वनस्पतीच्या जनुकांपेक्षा तलावाच्या दुरवस्थेत असते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, त्यानंतर तलावांची देखभालीची जुनी व्यवस्था विस्कळीत झाली आणि गाळ साचत गेला. केवळ जनुकांत उत्तर शोधणारे लेखन ही सामाजिक बाजू झाकून टाकण्याचा धोका असतो.

तथापि दोन बाबतींत आनुवंशिकीला पर्याय नाही. रासायनिक किंवा जैविक नियंत्रणाचा प्रस्ताव येतो, तेव्हा समष्टीतील विविधता जाणून घेतल्याशिवाय त्याचे यशापयश वर्तविता येत नाही. दुसरी बाब पुनर्लागवडीची. तलावात परत लावावयाच्या देशी पाणवनस्पतींनाही स्थानिक रूपे असू शकतात. त्या दूरच्या रोपवाटिकेतून एकाच कृंतकाच्या रूपात आणण्यापेक्षा जवळच्या अनेक निरोगी तलावांतून घेणे अधिक सयुक्तिक ठरते. त्यामुळे स्थानिक अनुकूलन टिकते आणि विविधताही राखली जाते. म्हणजे जनुकीय विविधतेचा विचार जितका तण काढण्यासाठी, तितकाच तणाच्या जागी काय लावावे यासाठीही उपयुक्त आहे. मराठी लेखनात ही दुसरी बाजू जवळजवळ अनुपस्थित आहे.

समारोप

आंतरराष्ट्रीय जैवविविधता मंचाच्या २०२३ मधील अहवालाने जगभरात ३७,००० हून अधिक परकीय जातींची आणि त्यांपैकी ३,५०० हून अधिक आक्रमक जातींची नोंद केली. असे आकडे प्रश्नाचा विस्तार दाखवितात. मात्र एखाद्या तालुक्यातील तलावासाठी कोणता उपाय योग्य, हे त्यांतून कळत नाही. त्यासाठी त्या ठिकाणची समष्टी, तिचे आगमन, पुनरुत्पादनाची पद्धत आणि तिच्यावर माणसाने लादलेली निवड यांचा अभ्यास करावा लागतो.

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. एक, आगमनकथा पुराव्याविना पुनरुक्त करणे थांबविले पाहिजे, कारण आगमनांची संख्या हा जनुकीय विविधतेचा पहिला निर्धारक घटक आहे. दोन, विविधता आणि यश यांचा संबंध एकरेषीय नाही. जलपर्णी एकरूपतेतून आणि घाणेरी संकरातून यशस्वी झाली, म्हणून दोघींसाठी एकच शिफारस करता येत नाही. तीन, निंदण, फवारणी व कीटक सोडणे या सर्व निवडप्रक्रिया असून त्यांचा परिणाम तणाच्या पुढील पिढ्यांवर होतो. चार, रूपलवचिकता आणि आनुवंशिक अनुकूलन यांतील फरक प्रयोगाने तपासल्याशिवाय 'अनुकूलन' ही संज्ञा वापरू नये.

कामठा परिसरासारख्या ग्रामीण भागातील महाविद्यालयांकडे मोठ्या प्रयोगशाळा नसतील. परंतु बांध्या, बोड्या, तलाव आणि जंगल पायी अंतरावर आहेत आणि दरवर्षी त्याच ठिकाणी परत जाण्याची सोय आहे. दीर्घकालीन निरीक्षणाची ही संधी मोठ्या शहरातील संस्थांना सहजासहजी मिळत नाही. जांभळ्या करग्याचा अनुभव याच धानपट्ट्याच्या इतिहासातील आहे. तो अभ्यासक्रमात व शोधनिबंधात आला, तर तणविषयक मराठी लेखन याद्यांच्या पुढे जाऊ शकेल आणि त्याचा लाभ बांधीत व तलावात राबणाऱ्यांपर्यंत पोहोचू शकेल.